आगरच्या दिवादांडीखालचे आम्ही चौघं

समुद्राच्या कडेला काच उघडी ठेवली की तिच्यावर मीठ बसतं. बसताना ते दिसत नाही. सकाळी बोट फिरवून जिभेला लावावं, तेव्हा कळतं. किस्सेही असेच बसत जातात. मीठ पुसायचा मला पगार होता. किस्से पुसायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते राहिले.

मी आगरच्या जुन्या दिवादांडीवर खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. मी जहाजावर कधी पाय ठेवला नाही. जिना झाडायचा, काचा पुसायच्या, रॉकेलचे डबे वर चढवायचे, चुना लावायचा, ही माझी खलाशीगिरी. पुढे दिवा बंद झाला. शेजारी लोखंडी खांबावर आपोआप पेटणारा नवा दिवा आला आणि मी घरी बसलो. दांडीची किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली, कारण ती कोणाला परत द्यायची हे खात्यात कोणालाच माहीत नव्हतं.

मग ती दांडी पाडायची ठरली. आणि आम्ही चौघांनी ती वाचवायची ठरवली. चौघांत शिकलेला एकच होता.

*

माझं गाव झरी, तलासरी तालुक्यातलं. तिथं डोंगर, भात आणि नागली. पत्र्याची पेटी घेऊन मी आगरला पहिल्यांदा उतरलो तेव्हा दिवा सांभाळणारे पाथारे साहेब झोपले होते. रात्रभर जागायची नोकरी, सकाळी झोपणारच. मी वाळूत उभा राहिलो. होडीच्या सावलीत एक माणूस जाळं शिवत बसला होता. तो होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. बायको घेत नसे ती रीतीमुळे, बाकीचे घेत नसत ते भीतीमुळे.

"कुठून आलास?"

"झरीहून."

"समुद्र बघितलायस कधी?"

"आत्ता बघतोय."

त्यानं सुई जाळ्यात खोचली आणि बाकीच्यांना हाक मारली. "ऐका रे. डोंगरातला माणूस दिव्याला ठेवलाय. आता आपल्या होड्या झरीला जाऊन लागणार."

सगळे हसले. मला वाटलं, खरंच तसं काही होत असेल. मी घाबरून विचारलं, "पण झरीला खाडी कुठे आहे?"

त्याचं हसू थांबलं. माझ्याकडे जरा वेळ बघून त्यानं टोपलीतले दोन ओले बोंबील माझ्या हातात ठेवले. "घे. खोटं बोलता येत नाय तुला. दिव्यावर असाच माणूस लागतो."

तेव्हापासून आम्ही मित्र. त्यानंतर तो माझ्याशी एक दिवसही धड बोललेला नाही.

*

दिवा बंद झाल्यावर आधी नेलं ते वरचं भिंग. माणसाहून उंच, काचेच्या कड्यांचं. आत एवढीशी वात आणि बाहेर कोसभर उजेड, तो त्या भिंगामुळे. पण दिवसा त्याला पडदा लागतो. ऊन आत शिरलं तर ते भिंग उलटं चालतं आणि आतलं सगळं जाळतं. पाथारे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिवा लावायला विसरलास तर मी लावीन. पडदा ओढायला विसरू नकोस."

भिंग ट्रकमध्ये बांधलं आणि गुजरातेतल्या कुठल्याशा गोदामाकडे निघालं. बरोबर मला पाठवलं. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक अडला. कागदावर मालाचं नाव काय लिहायचं, यावर ड्रायव्हर आणि नाक्यावरचा माणूस यांचं जुळेना. काच म्हणावी तर काचेचा दुकानदार नाही. मशीन म्हणावं तर चालत नाही.

वैशाखातलं ऊन, वरची ताडपत्री फाटलेली. मी गोधडी हातात धरून भिंगाच्या बाजूला उभा राहिलो. ऊन सरकेल तसा मी सरकत होतो. दुपारपर्यंत मी भिंगाभोवती अर्धा फिरलो होतो.

समोरच्या धाब्याचा मालक बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "चाचा, अंदर कोई बीमार है क्या?"

मी म्हणालो, "बीमार नहीं. उसको धूप नहीं चलती."

तो गेला आणि ताकाचे दोन पेले पाठवले. एक मला, एक आतल्याला. नाही म्हणायला बरं वाटेना. मी दोन्ही प्यायलो.

संध्याकाळी नाक्यावरच्या माणसानं कंटाळून कागदावर 'भंगार' लिहिलं आणि आम्हाला सोडलं.

गोदामात ते भिंग गंजलेल्या साखळ्यांच्या शेजारी ठेवलं. सही झाली. मी गोधडी तिथंच ठेवून आलो. त्या गोदामाला पश्चिमेकडे खिडकी होती.

*

काही वर्षांनी दांडीच्या दारावर नोटीस लागली. ती वाचली मगनमास्तरांनी. मास्तर गुजराती शाळेतून रिटायर झालेले. घरी गुजराती, शाळेत गुजराती, पण कागदावरचं मराठी आमच्या तलाठ्यापेक्षा चांगलं. त्यांनी चष्मा पुसला, नोटीस एकदा मनात वाचली आणि मग मोठ्यानं सांगितलं की बांधकाम धोकादायक आहे आणि ते पाडण्यात येणार आहे.

आमच्यातली चौथी, हिराबाय, तिथंच बांबूंवर बोंबील टांगत होती. दांडीच्या अंगणात वारा चांगला, म्हणून तिचे बोंबील कायम तिथं. ती म्हणाली, "पाडून तिथं काय करणार?"

मास्तर म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही बेन."

"मग पाडतात कशाला?"

मास्तरांनी कागद उलटा करून मागे बघितलं. मागे कोरा होता.

ती नोटीस खाऱ्या वाऱ्यानं दर दोन दिवसांनी निघून वाळूत पडायची. सरकारी कागद असा पायाखाली आलेला मला बघवेना. मी घरून पेजेची खळ करून आणायचो आणि ती परत दारावर चिकटवायचो. तिसऱ्या वेळी तांडेलानं पकडलं.

"लखम्या, काय करतोस?"

"पडली होती."

त्यानं कपाळाला हात लावला. "तुझ्या मयताचं बोलावणंसुद्धा तूच घरोघर देशील."

*

अर्ज करायचं ठरलं. मास्तर दांडीच्या पायरीवर वही घेऊन बसले. एकेकाला कारण विचारायला लागले.

तांडेल म्हणाला, "लिहा. दांडी आणि मागची चिंच एका रेषेत आली की डावीकडचा खडक चुकतो. माझ्या बापानं दाखवलं, मी पोरांना दाखवलं."

"आता तर सगळ्यांच्या होडीत जीपीएस आहे ना, तांडेल?"

"हाय ना. बॅटरी संपली की त्याला पण दांडीच दाखवतो."

मास्तरांनी ते जरा बदलून लिहिलं. मग विचारलं, "दांडी कधी बांधली?"

कोणालाच माहीत नव्हतं. तांडेल म्हणाला, "माझा आजा जन्मला तेव्हा ती होती. म्हातारा नेहमी सांगायचा."

"बरं. आजोबा कधी जन्मले?"

"दांडी बांधून झाली त्याच साली."

"म्हणजे कधी?"

"आता दोनदा सांगितलं की, मास्तर."

मास्तरांनी वहीत लिहिलं, 'फार जुनी'.

हिराबायची पाळी आली. ती म्हणाली, "माझी सही घ्या. कारण घेऊ नका."

कारण गावाला माहीत होतं. मुलगी पोटात असताना तिचा नवरा होडी घेऊन गेला आणि वादळ आलं. होडी आली नाही. फळी आली नाही, जाळ्याचा तुकडाही आला नाही. लोकांनी दहा दिवस वाट बघितली, मग बाराव्याचं काढलं. हिराबायनं दार लावून घेतलं. ती मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि हिराबायच्या कपाळावर कुंकू तसंच आहे. तिला कोणी समजवायला जात नाही. एकदा बोंबील उलटे करताना ती मला आपणहून म्हणाली होती, "घर बदललं, रस्ता बदलला, जेटी झाली, लखमादादा. त्याच्या ओळखीचं आता एवढंच राहिलंय."

अर्ज गेला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. ऐतिहासिक महत्त्वाचा पुरावा असल्यास दाखवावा, पाहणीसाठी अधिकारी पाठवण्यात येतील.

*

पुरावा होता. तो मास्तरांनी शोधला. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि बॅटरी घेऊन एकटेच जिना चढले. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेचा निकाल लागल्यासारखा होता. "लखमाभाई, काम झालं," एवढंच म्हणाले आणि पत्र लिहायला घरी पळाले.

काय काम झालं, ते मी विचारलं नाही. शिकलेला माणूस घाईत असला की मी विचारत नाही. इथं चूक झाली.

जिन्याच्या भिंतीवर पाथारे साहेबांनी खुणा केलेल्या होत्या. हवा बिघडली आणि होड्या बाहेर असल्या की साहेब भिंतीवर प्रत्येक होडीची एक उभी रेघ काढायचे. शेजारी होडीचं नाव. होडी आली की रेघेवर आडवी रेघ. त्यांच्या आधीच्या साहेबांनीही तसंच केलेलं होतं, त्यांच्याही आधीच्यांनी. खाली पेन्सिल, वर कोळसा, सगळ्यात वर खिळ्यानं कोरलेल्या रेघा. कितीतरी नावं अशी की ती होडी कोणाची हे सांगणारा माणूस आता गावात नाही.

पण मला त्या खुणांची वेगळी शिकवण होती. सरकारी भिंतीवर लिहिणं हा गुन्हा. वरचे साहेब तपासणीला यायचे तेव्हा पाथारे साहेब मला म्हणायचे, "लखमा, झाक." मग मी कापडावर चिकटवलेले मोठे नकाशे आणून त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत टांगायचो. बाकी दांडीला चुना, भिंतीला नकाशे. पूर्ण नोकरीत मी त्या रेघा कोणा साहेबाला दिसू दिल्या नाहीत. त्याचा मला अभिमान होता.

मास्तरांचा फोन आला, "लखमाभाई, सोमवारी मोठ्या मॅडम येतात. आतून बघणार आहेत. जरा झाडून ठेवा."

मी नकाशे शोधले. खात्यानं ते कधीच नेले होते. शनिवार उजाडला होता.

मग मी चुना कालवला. गुडघे दुखत होते, म्हणून पायरीवर बसून बसून लावला. शनिवारी एक हात, रविवारी दोन. कोरलेल्या रेघा राहायच्या, त्या चुना दाटून बुजवल्या. वरपर्यंत गेलो. उतरताना वाटलं, पाथारे साहेब असते तर पाठीवर थाप मारली असती.

सोमवारी मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड. मास्तर पुढं, हातात बॅटरी, "आता बघा हं, मॅडम," म्हणत चढले. मी खाली किल्ली घेऊन उभा होतो.

वर बॅटरीचा उजेड पांढऱ्या भिंतीवर वरखाली फिरताना दिसला.

मग मास्तर एकटे खाली आले. माझ्या हातांकडे बघितलं. नखांत चुना होता. ते पायरीवर बसले आणि चष्मा काढून नुसता हातात धरून राहिले.

मॅडम मागून आल्या. त्यांच्या ओढणीला पांढरं लागलं होतं. मला म्हणाल्या, "खूप स्वच्छ ठेवलंय हो, काका." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. आजपर्यंत कोणत्याही साहेबानं मला तसं म्हटलं नव्हतं.

त्या गेल्यावर मास्तरांनी मला सगळं समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आली. म्हणाली, "दार उघड." मी उघडलं. ती विसाव्या पायरीपर्यंत गेली. मी दोन पायऱ्या मागे. तिथं तिच्या नवऱ्याच्या होडीची रेघ होती, उभी, आडवी रेघ नसलेली. आता भिंत दुधासारखी होती. तिनं हात वर केला आणि एका जागी बोट टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "मला दिसतं. तू नको रडू."

*

पाहणीचा कागद आला. पुरावा आढळला नाही. अंतर्भाग नुकताच रंगवलेला आहे.

मला कोणी काही बोललं नाही. मास्तर पूर्वीसारखे चहाला बोलवायचे. हिराबाय सुके बोंबील पाठवायची. आणि तांडेल? तो मला 'लखमाभाऊ' म्हणायला लागला. शिवी नाही, टोमणा नाही. "या लखमाभाऊ, बसा." आठ दिवस मी ते ऐकलं. नवव्या दिवशी पिशवी भरली आणि झरीला भावाकडे निघून गेलो.

तिथं मी काही करत नव्हतो. अंगणात बसायचो. भाऊ विचारायचा, तब्येत बरी नाही का? मी म्हणायचो, बरी आहे.

एका दुपारी पाड्याच्या वाटेवरून तांडेल येताना दिसला. तलासरीच्या स्टँडवरून जीप करून, तिथून चालत. त्यानं जन्मात डोंगर चढलेला नव्हता. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, एका हातात सुक्या मासळीची पुडी, दुसऱ्या हातात चप्पल. तो आला आणि खाटेवर आडवा झाला. वहिनीनं पाणी दिलं, नागलीची भाकरी दिली. तो खाऊन उठला, अंगणभर फिरला, आजूबाजूच्या डोंगरांकडे बघितलं.

"इथं वारा कुठून येतो तेच कळत नाय," तो म्हणाला. "माणूस जगतो कसा?"

मी त्याचं ताट उचलून ठेवलं.

"मास्तर सांगतात तू पिशवी घेऊन गेलास. मी म्हटलं, त्याला कोण विचारणार आहे तिकडं? त्यांच्याकडं भिंती शेणाच्या. चुना लावायला काय मिळणार?"

भाऊ चमकला. पाव्हणा असं कसं बोलतो? पण मला इतकं बरं वाटलं की मी उठून पिशवी भरायला घेतली.

"चल, लखम्या," तो म्हणाला. "शेवटची जीप सुटंल."

*

दांडी पाडायचा ठेका निघाला. ठेकेदार बाहेरचा होता. त्यानं मजूर बघितले ते तलासरीकडचे, कारण आमच्याकडची माणसं दगडकामाला चिवट. टेम्पोतून सात जण उतरले, पहारी, घण, घमेली घेऊन. पुढं मुकादम. मी बघितलं तर माझ्या धाकट्या बहिणीचा सोमा.

तो माझ्या पाया पडला. मग दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला माहीत होतं. लहानपणी तो सुट्टीत इथं येऊन राहिलेला.

"मामा, मला नाव सांगितलं नव्हतं ठेकेदारानं. नुसतं म्हणाला, समुद्राजवळ एक जुनं काम आहे."

"असू दे."

"मामा, कुठून सुरू करू?"

मास्तरांनी तोंड फिरवलं. तांडेल वाळूत थुंकला. हिराबाय बोंबील टांगतच राहिली.

मला माहीत होतं ते मी सांगितलं. वरून सुरू करायचं. आधी गॅलरीचं लोखंड, मग घुमट, मग दगड एकेक. खालून तोडली तर ती कशी पडेल सांगता येणार नाही, माणूस मरेल. सोमा नीट ऐकत होता.

"आणि एक," मी म्हणालो. "होडी बाहेर असताना दांडीला शिडी लावायची नाही. आमच्या साहेबांचा नियम होता. समुद्रावरून दिवसा माणूस दांडीचा आकार बघून येतो. शिडी लागली, पोतं लटकलं की आकार बदलतो, त्याला वाटतं दुसरंच गाव. चुना लावायचा तरी आम्ही सगळ्या होड्या लागायची वाट बघायचो."

"किती बाहेर आहेत?"

मी तांडेलाकडे बघितलं. तांडेलानं समुद्राकडे बघितलं.

"चार," तो म्हणाला.

सोमानं पहार खाली ठेवली. "मग थांबू."

होड्या आल्या त्या दिवस बुडताना. अंधारात दगड काढता येत नाहीत. सकाळी सोमाची माणसं उठली तोवर तीन होड्या परत गेलेल्या. ती थांबली. संध्याकाळी दोन आल्या, एक लांब गेली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तोवर सकाळच्या दोन बाहेर. असं चाललं. सोमाची माणसं दांडीच्या सावलीत बसून राहायची आणि सावलीबरोबर सरकायची. हिराबायनं त्यांना बोंबील निवडायला दिले. त्यांतली एक बाई तर टांगायलाही शिकली.

ठेकेदाराचं हायवेला दुसरं काम चालू होतं. त्याचा फोन आला. सोमा उठून उभा राहिला आणि बोलला.

"नाही साहेब, सुरू नाही केलं. होड्या बाहेर आहेत. नाही साहेब, होड्यांचं काम नाही, दांडीचंच आहे. पण नियम आहे. मामांनी सांगितलाय."

पलीकडून काय बोलणं झालं ते सोमानं आम्हाला सांगितलं नाही. कान लाल झाले होते.

मास्तर त्या दिवसांत रोज कुठंतरी फोन करत होते, कुठंतरी पत्र टाकत होते. कोणी मॅडमचा नंबर दिला, तिथंही लावला. मॅडम म्हणाल्या, मी परत एकदा लिहून बघते. किती दिवस लागतील? ते त्यांना सांगता येईना.

आणि मग पावसाळ्याची मासेमारी बंदी आली. ती काही आमच्या हातातली नाही. एकेक होडी वर ओढली गेली, तिच्यावर झावळ्या आणि प्लास्टिक चढलं. तांडेलानं आपली होडी सगळ्यात शेवटी ओढली. जेवढा उशीर करता येईल तेवढा त्यानं केला. इंजिन उगाच दोनदा उघडलं.

सकाळी सगळ्या होड्या वाळूत ओळीनं होत्या. समुद्र रिकामा होता. सोमानं शिडी उचलली, ती दांडीला टेकवायच्या आधी माझ्याकडे आला.

"मामा, आता लागल्या ना सगळ्या?"

मला खोटं बोलता येत नाही. मी तांडेलाकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता. मास्तर मोबाइल कानाला लावून उभे होते, पण ते कोणाशी बोलत नव्हते.

"माझी लागली नाय," हिराबाय म्हणाली.

ती बांबूजवळून उठली नाही. हातातला बोंबील तसाच होता. सोमा तिच्याकडे वळला.

"कधी गेलीय, मावशी?"

"पोर पोटात होती तेव्हा."

ती पोर मागच्या ओट्यावर आपल्या पोराला भरवत बसली होती. सोमानं तिच्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं, बराच वेळ, कपाळावर हात धरून, आमच्याकडे लोक शेतातून रस्त्याकडे बघतात तसं.

मग त्यानं शिडी वाळूत आडवी ठेवली आणि आपल्या माणसांना म्हणाला, "बसा रे. अजून एक यायची आहे."